दरवाजा ऑगस्टातच का अडतो? नागपूरच्या हौशी सुतारांसाठी लाकडाचा स्वभाव

पोळा जवळ आला की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांची दुकानं रस्त्याकडेला लागतात, आणि घरातला एखादा तरी दरवाजा अडकायला लागतो. बहुतेक बाथरूमचाच. खांद्याने रेटायचा, चार शिव्या घालायच्या, शेवटी मिस्त्रीला बोलवायचं. तो कडेवरून रंधा मारतो, दार सुरळीत लागतं, आपण खूश. पुढच्या मे महिन्यात त्याच दारातून उजेडाची पट्टी आत येते आणि कडी खुळखुळते. मग आपण म्हणतो, हल्लीचं लाकूडच खराब.

लाकूड खराब नसतं. आपल्याच भागातलं सागवान बल्लारपूरहून मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत निघालं. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान आहे. ज्या मातीतून देशभर दारं जातात, तिथल्याच माणसाला स्वतःचं दार का छळतं, हा प्रश्न मला माझ्या हातची एक वस्तू फुटेपर्यंत पडला नव्हता.

टाळेबंदीनंतर अनेकांनी धरला तसा मीही सुतारकामाचा नाद धरला. गच्चीवर दोन घोड्या, एक करवत, ड्रिल, रंधा, आणि मोबाइलवर परदेशी सुतारांचे व्हिडिओ. एका सप्टेंबरात बैठकीसाठी टेबल केलं. सागाच्या पाच फळ्या कडेला कड चिकटवून दोन फुटी पृष्ठभाग तयार केला. तो वाकू नये म्हणून खालून आडव्या तीन पट्ट्या फेव्हिकॉल लावून, भरपूर स्क्रू मारून पक्क्या केल्या. मजबुतीची मला फार हौस. एप्रिलमध्ये एका रात्री बैठकीतून सुतळी बॉम्बसारखा आवाज आला. सकाळी पाहिलं तर टेबलाला कडेपासून हातभर लांब भेग.

मिस्त्री आला, वाकून खालच्या पट्ट्या पाहिल्या आणि हसला. "भाऊ, लाकूड उन्हाळ्यात आंग चोरते, पावसाळ्यात पसरते. तुमी त्याचे हातपाय बांधून टाकले. मंग ते फाटन नाही तं काय करन?"

हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा उलगडा आहे.

नळ्यांची मोळी

लाकडाचा तुकडा घट्ट, भरीव दिसतो. भिंगाखाली तो उभ्या नळ्यांच्या मोळीसारखा असतो. ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक धाट केसापेक्षा बारीक झालंय असं समजा. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून मुळांचं पाणी शेंड्याकडे जातं. नळ्या ज्या दिशेने धावतात तिला सुतार 'रेषा' म्हणतात. फळीच्या लांबीला रेषा असते आणि रुंदी त्या रेषेला आडवी. पुढचं सगळं या आडव्या-उभ्यावर अवलंबून आहे, म्हणून एवढं पक्कं धरून चला.

या नळ्यांत पाणी दोन ठिकाणी असतं. एक नळीच्या पोकळीत, भांड्यातल्या पाण्यासारखं मोकळं. दुसरं नळीच्या भिंतीत शिरून बसलेलं. फरक समजायला रात्री भिजत घातलेले हरभरे आठवा. सकाळी भांड्यातलं पाणी ओतून दिलं तरी हरभरा टपोराच राहतो. तो सुरकुततो कधी? त्याच्या अंगात मुरलेलं पाणी जायला लागतं तेव्हा. लाकडाचंही तसंच. झाड तोडल्यावर आधी पोकळीतलं पाणी जातं, वजन घटतं, पण आकार तोच राहतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी उरलं की भिंतीतलं पाणी निघायला लागतं, आणि तिथून पुढे लाकूड आकसतं.

भिंतीतल्या पाण्याची गंमत अशी की ते एकदा गेलं म्हणजे कायमचं गेलं असं होत नाही. हवा दमट झाली की भिंती हवेतली वाफ पुन्हा ओढून घेतात. पाऊस अंगावर पडायची गरज नाही, दमट हवा पुरते. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड नरम पडतो, तसंच हे. त्या त्या हवेत लाकूड जिथे जाऊन थांबतं, त्याला 'समतोल ओलावा' म्हणतात. लेखातला अवघड शब्द म्हणाल तर हाच.

नवतपा आणि श्रावण

आता हवेकडे वळू, कारण खरा घोळ आपल्या हवेत आहे. हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड ४ ते ५ टक्के ओलाव्यावर थांबतं. आर्द्रता ८० टक्के झाली की तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जातं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी आणि ऑगस्टमधल्या झडीच्या दिवसात जवळपास हीच दोन टोकं असतात. २३ मे २०१३ ला शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतप्यात ओलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं. मग लाकडाच्या अंगात कितीसं पाणी राहणार? आणि तीनच महिन्यांत मीठ वाहायला लागतं, काड्यापेटी पेटत नाही.

मुंबईत असं नसतं. तिथली हवा मे महिन्यातही दमटच. त्यामुळे तिथल्या लाकडाचा ओलावा ११-१२ टक्क्यांच्या खाली फारसा जात नाही. म्हणूनच मुंबईत दहा वर्षं सुखात असलेलं भरीव लाकडाचं टेबल बदलीबरोबर नागपूरला येतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे सांधे उघडतात. वाहतूकवाल्याने आपटलं म्हणून आपण त्याच्याशी भांडतो. त्या बिचाऱ्याचा यात काही हात नसतो.

घरी तपासून पाहायचं असेल तर सागाचा साधारण किलोभर वजनाचा, पॉलिश नसलेला ठोकळा मे अखेरीस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, आकडा त्यावरच पेन्सिलने लिहा आणि ठोकळा हवेशीर जागी ठेवून द्या. ऑगस्ट अखेरीस पुन्हा तोला. वजन ऐंशी-शंभर ग्रॅमने वाढलेलं दिसेल. तेवढं पाणी त्याने नुसत्या हवेतून प्यायलेलं असतं.

पण उष्णतेने वस्तू फुगतात ना?

शाळेत शिकलेलं इथे आडवं येतं. रुळांमध्ये फट ठेवतात कारण लोखंड उन्हाने वाढतं, मग लाकूड उन्हाळ्यात आकसेल कसं? उष्णतेने लाकूडही वाढतं, पण फार थोडं. एक फूट रुंदीच्या फळीला २० अंशांच्या फरकाने जेमतेम पाव मिलिमीटर. त्याच उन्हाने तिच्या अंगातलं पाणी निघून गेल्यामुळे ती आकसते ती कित्येक मिलिमीटर. वाढीचा हिशेब त्यात बुडून जातो.

गाडीवाल्यांना हे पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार होताना चाकाला आवळून धरते. उन्हाळ्यात मात्र लाकूड अंग चोरतं आणि धाव सैल होते. तेव्हा गाडी नदीत किंवा तलावाच्या काठाला पाण्यात उभी करायची. चाक फुगतं, धाव पुन्हा घट्ट बसते. एका चाकात दोन्ही धडे आहेत, लोखंडाचा उष्णतेचा आणि लाकडाचा पाण्याचा.

आकसतं ते रुंदीत

सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट ही. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेने, ते जवळजवळ हलतच नाही. धाट वाळलं की बारीक होतं, आखूड होत नाही. हालचाल होते ती रेषेला आडवी, आणि तिचेही दोन प्रकार आहेत.

ओंडक्याचा कापलेला गोल तोंडासमोर धरा. मध्ये गाभा, त्याभोवती वर्षांची वलयं. गाभ्यापासून सालीकडे बारीक रेघा जातात, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या. त्या दिशेने हे आरे लाकडाला धरून ठेवतात, म्हणून आकसणं कमी. वलयाच्या कडेकडेने असा आधार नाही, म्हणून तिथे ते सुमारे दुप्पट. सागाचे आकडे सांगायचे तर ओल्यापासून हाडकोरडं होईपर्यंत आऱ्यांच्या दिशेने साधारण अडीच टक्के, वलयांच्या दिशेने साडेपाच टक्के. या असमान ओढीमुळेच फळीची पन्हळ होते. वाळताना वलयं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे फळी गाभ्याच्या विरुद्ध बाजूला द्रोणासारखी उचलली जाते.

पुरावा तुमच्या ओट्यावर पडलेला आहे. जुना पोळपाट घ्या आणि त्याचा व्यास दोनदा मोजा, एकदा रेषेच्या दिशेने आणि एकदा आडवा. आमच्या घरचा एका बाजूने २४ सेंटिमीटर भरला, दुसऱ्या बाजूने ४ मिलिमीटर कमी. बाजारातून आणला तेव्हा तो गोलच होता. आईचं म्हणणं, पोळ्या वाकड्या होतात त्या यामुळेच. त्या मुद्द्यावर मी मत देत नाही.

आता माझ्या टेबलाचा हिशेब. सागाची वलयांच्या दिशेने कापलेली फळी ओलाव्याच्या दर एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.१९ टक्के हलते. दोन फूट म्हणजे ६०० मिलिमीटर. ओलावा १५ वरून ५ टक्क्यांवर आला तर ११ मिलिमीटर. घरातलं, पॉलिश केलेलं लाकूड हवेच्या मागे मागे रेंगाळत चालतं, म्हणून निम्मं धरा. तरी साडेपाच मिलिमीटर. सुताराच्या भाषेत पावणेदोन सूत, कारण एका इंचात आठ सूत. खालच्या आडव्या पट्ट्यांची मात्र लांबी त्याच दिशेला होती, आणि लांबी हलत नाही. वरची फळी पावणेदोन सूत आत यायला बघते, खालची पट्टी तिला येऊ देत नाही. शेवटी जिथे सगळ्यात कमजोर तिथे ती फाटली. मी मारलेला प्रत्येक जास्तीचा स्क्रू त्या भेगेला मदतच करत होता.

जुन्या सुतारांनी काय केलं

वाड्यातला पॅनलचा दरवाजा नीट पाहिलात तर तो सबंध एक फळी नसतो. बाहेर उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि आत पातळ पॅनल, कडेच्या खाचेत नुसतं सरकवलेलं. त्याला ना खिळा, ना सरस. लोकांना ती नक्षी वाटते. खरं तर ती या हवेवर काढलेली तोड आहे. पॅनल खाचेतल्या खाचेत वाढतं आणि आकसतं, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

दरवाजाची एकूण रुंदीही युक्तीने ठरवलेली. अडीच फुटांतले बरेचसे इंच आडव्या पट्ट्यांच्या लांबीचे असतात, आणि लांबी हलत नाही. हलतात फक्त दोन उभ्या पट्ट्या, चार-चार इंचांच्या. वरच्याच हिशेबाने अडीच फुटी अखंड फळ्यांचं दार ऑगस्टात १४ मिलिमीटर फुगायला बघेल, तर पॅनलचं दार चारच्या आत राहील.

टेबलासाठीही हीच युक्ती. आडवी पट्टी मधोमध एकाच स्क्रूने पक्की करायची. कडेच्या स्क्रूंसाठी गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडायचं, फळीच्या रुंदीच्या दिशेने चार-पाच मिलिमीटर मोकळं. स्क्रूखाली वॉशर घालायचा आणि सरस अजिबात लावायचा नाही. स्क्रू फळीला खाली धरून ठेवतो पण बाजूला सरकू देतो. माझं दुसरं टेबल असंच आहे. भोकं लांबट करायला अर्धा तास जास्त लागला, एवढंच.

आणि परदेशी व्हिडिओतली मापं जशीच्या तशी उचलू नका. त्यांच्या घरांत हवा वर्षभर यंत्राने सांभाळलेली असते, तिथे चालणारी मोकळीक आपल्याला पुरेलच असं नाही. आपल्या मानक ब्युरोनेही 'आयएस २८७' मध्ये लाकूड किती वाळलेलं असावं हे सांगताना आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडले आहेत. एक आकडा सगळ्या देशाला लावता येत नाही.

साग घेतला की प्रश्न मिटला का?

निम्मा मिटतो. साग इतर बऱ्याच कठीण लाकडांपेक्षा कमी हलतो. कित्येक जातींत वलयांच्या दिशेचं आकसणं ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातं. त्यात सागाच्या अंगात तेल असतं, गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. इंग्रजी काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, त्या प्रांताच्या नावाने इथला साग बाजारात आजही 'सीपी टीक' म्हणून ओळखला जातो. आलापल्ली, बल्लारशाहचं नाव घेतलं की भाव चढतो.

पण गुण गाभ्याचे आहेत, नावाचे नाहीत. ओंडक्याच्या बाहेरचा पांढुरका भाग झाडाचं अन्नपाणी वाहणारा असतो, त्यात पिष्ट साठलेलं असतं. भुंगा नेमका त्यावर ताव मारतो आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. तो भाग सागाचा असला तरी सागासारखा वागत नाही. लकडगंजात आरामशीनीवर गेलात तर "कुठला साग?" याच्या आधी फळीच्या दोन्ही कडा पाहा. पांढरा पट्टा किती, ते पाहा. फळीचं डोकं, म्हणजे कापलेलं तोंड पाहा. वलयं तिथे आडवी निजलेली असतील तर फळी जास्त हलणार, उभी असतील तर कमी. उभ्या वलयांच्या फळ्या ढिगात थोड्याच निघतात, त्या मला टेबलाच्या वरच्या भागासाठी हव्या असतात. ढीग उपसू देणारा दुकानदार मिळाला तर त्याला सोडू नका. लाकूड घनफुटावर विकलं जातं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. एवढं पाठ असलं की वखारीत चेहरा जरा आत्मविश्वासाचा दिसतो.

शिवण हे माझं आवडतं लाकूड. हलकं, फिकट, हत्याराखाली गुमान वागणारं आणि हालचालीला बेताचं. खेळणी, डबे, छोटे खण यांसाठी उत्तम. बाभूळ गाडीच्या चाकासाठी नावाजलेली, पण नवशिक्याच्या करवतीचे दात आणि धीर दोन्ही संपवते. आंब्याचं स्वस्त मिळतं, ते घ्यायचं तर नीट वाळलेलं आणि किडीवर औषध दिलेलं घ्यावं.

'हार्डवुड' आणि 'सॉफ्टवुड' या शब्दांनी मात्र बिचकू नका. ती झाडांची वर्गवारी आहे, कठीणपणाची नाही. रुंद पानांची झाडं पहिल्या गटात, देवदार आणि चिडासारखी सुईपानांची दुसऱ्या. त्या हिशेबाने आपली काटेसावर हार्डवुड ठरते, आणि तिच्यात नख रुततं.

बरेच जण मालाच्या जुन्या पॅकिंगपेट्यांचं पाईन आणून सुरुवात करतात. चांगली कल्पना. फक्त पेटीवरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या लाकडी पेट्यांवर रोमन अक्षरांत 'एचटी' असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूने. ती पेटी घरात आणू नका. आणि लाकूड कुठलंही असो, घासताना तोंडावर मास्क हवा. लाकडाचा बारीक भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक यादीत घातलेला आहे. सागाच्या भुशाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं ते वेगळंच.

पॉलिश, रंग, जुनं लाकूड

"दोन हात पॉलिश मारा, काही होत नाही." होतं. पॉलिश आणि रंग वाफेला अडवत नाहीत, तिचा वेग कमी करतात. चार दिवसांच्या झडीचा परिणाम कमी दिसेल, चार महिन्यांच्या पावसाळ्याचा दिसेलच. मात्र पॉलिश दोन्ही अंगांना सारखं हवं. टेबलाच्या वरच्या बाजूला चार हात आणि खाली कोरडं ठेवलं, तर खालची बाजू भराभर पाणी पिते-सोडते, वरची सावकाश, आणि फळी वाकते. खालची बाजू कोण बघतंय, असं आपण म्हणतो. हवा बघते.

जुन्या वाड्याची तुळई किंवा आजोबांच्या पेटीचं लाकूड 'मुरलेलं' असतं म्हणून ते हलत नाही, ही समजूतही अर्धीच खरी. पहिलं मोठं आकसणं, पीळ, भेगा हे सगळं त्याचं केव्हाच होऊन गेलेलं असतं, ही मोठी जमेची बाजू. पण भिंतींची वाफ ओढायची सवय जात नाही. शंभर वर्षांचं दारही श्रावणात अडतं.

मग सरळ प्लायच का नको?

जिथे रुंद, सपाट पृष्ठभाग हवा तिथे खुशाल प्लाय वापरा, त्यात कमीपणा नाही. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवतात. एका थराची रुंदी हलायला बघते तर शेजारच्या थराची न हलणारी लांबी तिला धरून ठेवते. माझ्या टेबलात जे भांडण फाटेपर्यंत गेलं, तेच इथे थर पातळ आणि गुंता घट्ट असल्यामुळे जागच्या जागी मिटतं. खरेदी करताना एवढं लक्षात ठेवा की 'एमआर' म्हणजे दमटपणा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. सिंकखाली तो फुगून थर सुटतात. तिथे 'आयएस ७१०' छापलेला मरीन प्लाय घ्यावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला तक्ता, एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. त्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

कूलरचा उलटा न्याय

आता एक खास नागपुरी गुंता. वर सांगितलं की मे महिन्यात लाकूड वाळतं. पण मार्च अखेरीपासून घरोघर कूलर चालू असतो, आणि कूलर म्हणजे घरात आणलेला छोटा पावसाळा. कूलरच्या खोलीतलं कपाट मे महिन्यात दमट हवेत, शेजारच्या खोलीतलं भट्टीत. मधल्या दाराची तर फारच पंचाईत. एक अंग श्रावणात, दुसरं वैशाखात. ते धनुष्यासारखं वाकतं आणि वरची कडी लागते तर खालची लागत नाही. कूलर बसवलेली खिडकीची चौकट तर भर उन्हाळ्यात फुगते. लाकडी वस्तू कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, एवढाच यावर उपाय मला सापडला आहे. कूलर बंद करा असं नागपुरात कोणी कोणाला सांगू नये.

त्या अडणाऱ्या दाराचं काय?

आधी पाहा की ते अडतं कुठे. फक्त कडीकडचा वरचा कोपरा घासत असेल तर दोष बहुधा कब्ज्यांचा. स्क्रू ढिले होऊन दार लोंबतं. स्क्रू काढून भोकात सरस लावलेली लाकडी काडी ठोका आणि पुन्हा आवळा, काम झालं. उभी कड वरपासून खालपर्यंत घासत असेल तर ते फुगणं. अशा वेळी जिथे घासतं तिथे पेन्सिलने खूण करा आणि शक्य असेल तर थांबा. ऑक्टोबर हिटमध्ये दार आपोआप सुटतं. अगदीच निभत नसेल तर दार जेमतेम लागेल इतकाच रंधा मारायचा, आणि उघड्या पडलेल्या कडेला त्याच दिवशी रंग लावायचा, नाहीतर ती पहिल्यापेक्षा जास्त पाणी पिते.

दाराची खालची आणि वरची कड कोणी रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. उभ्या पट्ट्यांच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. आडव्या दिशेच्या मानाने या तोंडांतून पाणी दहा-पंधरा पट वेगाने आत जातं. बाथरूमचं दार खालून आधी सडतं ते म्हणूनच. मे महिन्यात, दार हाडकोरडं असताना, कब्जे सोडवून खालच्या कडेला ऑइलपेंटचे तीन हात द्या.

बैल लंगडतो कसा

पुतणीसाठी तान्ह्या पोळ्याचा बैल मी मे महिन्यात, सुटीतच करून ठेवला. उरलेल्या सागाचे तुकडे चिकटवून धड कोरलं आणि सागाच्याच फळीतून चार इंची गोल चाकं कापली. आस म्हणून गोल दांडी बसवली, अगदी चपखल. स्वतःवरच खूश होतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दोरी ओढली तर बैल हलेना. दांडी चारी बाजूंनी फुगली होती. चाकाचं भोक रेषेला आडवं थोडं मोठं झालं होतं, पण रेषेच्या दिशेने जसंच्या तसं, म्हणून दांडी तिथे आवळली गेली. कानशीने घासून मोकळं केलं, तर आता बैल लंगडत चालू लागला. चाकंही एका अंगाने मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढून अंडाकृती झाली होती. पुतणीने त्याला तसाच गल्लीभर फिरवला, आणि बैलाचा पाय मोडलाय असं सांगून दोन घरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, जास्त मिळवला.

यंदा चाकं प्लायची केली आहेत आणि आसेला अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवली आहे. सध्या उन्हाळा आहे आणि ती फरशीवर खडखड वाजतात. पुतणीची तक्रार आहे की काकाने चाकं ढिली बसवली. मी तिला पोळ्यापर्यंत थांबायला सांगितलंय. तिची दुसरी तक्रार अशी की यंदाचा बैल लंगडत नाही.